हेडमास्तरांच्या पोटातली ऊब

३ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तू ठीक असशील असं धरून चालतो, कारण फोनवर तू नुसतं "बोला बाबा" म्हणतेस आणि माझी वाक्यं कुठल्या कुठे पळतात. चाळीस वर्षं छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. मला कागदावरच बोलता येतं, त्याला काय करू?

थंडी पडू लागली आहे. मागची खिडकी आता नीट लागते, सुताराने फळी तासून दिली. आई बरी आहे. मला ओळखत नाही, पण वागते अगदी सौजन्याने. परवा म्हणाली, "तुम्ही रोज येऊन बसता, बरं वाटतं. पण तुमच्या घरचे वाट बघत असतील." मी म्हटलं, बघत असतील खरे. लग्नाआधी भेटायला जायचो तेव्हाही ती असंच मला सहा वाजले की हाकलायची.

यमक मात्र अजून चुकत नाही तिचं. जेवताना मी चौथीच्या पुस्तकातली एखादी कविता म्हणतो, ओळीचा शेवटचा शब्द सोडून देतो आणि डोळे मिटून थांबतो. क्षणभर काहीच येत नाही. मग तो शब्द येतो, अगदी बाकावरून उभं राहून सांगितल्यासारखा. त्या क्षणभरासाठी मी दिवस काढतो म्हण.

एक काम आहे. हेडमास्तरांचा तो फोटो तुझ्याकडे आहे ना, दारात बसून हसतानाचा? तो पाठव. डोळ्यांचा रंग नीट दिसायला हवा. मधासारखा की चहासारखा, यावर माझा एका गृहस्थांशी वाद चालला आहे.

मागच्या खेपेला आपलं जे बोलणं झालं ते मी मनातून काढून टाकलं आहे. तूही टाक. आईला ठेवायच्या त्या संस्थेचा विषय मात्र पुन्हा काढू नकोस. माझी बायको वसतिगृहात राहणार नाही.

तुझा,
बाबा


१९ जानेवारी

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. फोटो तेव्हाच मिळाला. पाकिटात पत्र शोधलं, नव्हतं. फोटोच्या पाठीवर मात्र "कशाला?" एवढं होतं. शब्द एकच, पण अक्षर थेट आईचं.

तर, कशाला ते सांगतो. हेडमास्तर गेला. मागचं पत्र लिहिलं त्याच्या सहा दिवस आधी. तू कॉलेजच्या पिशवीतून कुत्र्याचं ते पिल्लू आणलंस आणि त्याच्या पांढऱ्या मिशा बघून आई म्हणाली, "हे तर आमचे हेडमास्तर," त्याला अकरा वर्षं झाली होती. उन्हाळ्यापासून सुस्तावला होता, चालताना झोकांड्या खायचा. मी म्हणायचो, वय झालं, माझंही तेच चाललंय. जनावरांच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडं गेल्याचं सांगितलं. आणखीही एकदोन नको ते प्रश्न विचारले. मी उठून आलो.

तुला कळवायला हवं होतं. पण तुला लिहिलं असतं की ते खरं झालं असतं.

आईचं तुला ठाऊक आहे. पहिला घास हेडमास्तरला, मग स्वतःला. तो घास घ्यायला खाली कुणी नाही म्हटल्यावर तिचा हात खुर्चीखाली तसाच लोंबत राहिला आणि ताटातला भात गार झाला. मी सांगितलं, डॉक्टरांकडे ठेवलाय, येईल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चमच्याने थोडं दूध जायचं. अंगठी बोटातून गळायला लागली तेव्हा मी तिला दोरा गुंडाळला.

ती त्याला विंचरून केस उशीच्या अभ्र्यात साठवायची आठवतं? तू चिडायचीस, घरात घाण नको म्हणून. त्या अभ्र्याचं तोंड शिवून मी तिच्या पायाशी ठेवला. हात त्याच्यावर गेला की दोन घास जायचे. मधले दोन महिने आम्ही त्या अभ्र्यावर काढले.

आणि तोवर हेडमास्तर भुसेवाल्यांकडे होता. त्यांचं खरं नाव मी विचारलंच नाही. पूर्वी एका संग्रहालयात पक्ष्यांत भुसा भरायचे, आता लोकांच्या घरच्या जनावरांत भरतात. शेडमध्ये पाऊल टाकलं की दीडशे डोळे तुमच्याकडे बघतात आणि एकही ओळख देत नाही. मला सवय आहे म्हणा. गृहस्थ बोलके. त्यांच्याकडे एक बाई येतात, त्यांनी कुत्र्याच्या केसांचं सूत काढवून शाल विणली. पावसात भिजली की शालीला कुत्र्याचा वास येतो, म्हणून त्या मुद्दाम छत्री नेत नाहीत. एकाने घोड्याच्या खुराची दौत करून घेतली. एका जोडप्याने मांजराची राख वाळूच्या घड्याळात भरली आहे आणि त्यावर वेळ लावून अंडी उकडतात. मांजर आयुष्यभर त्यांना ओट्यापाशी छळत होतं, आता उपयोगी पडतंय म्हणाले.

हसलीस ना? मीही हसलो, आणि मग त्यांच्यासमोर स्टुलावर बसून रडलो.

मी सांगितलं, तोंड थोडं उघडं ठेवा, तो हसायचा तसं. त्यांनी ठेवलं. मग म्हणाले, "आजोबा, रूप मी देतो. ऊब माझ्या हातात नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी शेकायची रबरी पिशवी घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. मग हेडमास्तरच्या पोटात पिशवी मावेल एवढी पोकळी ठेवली आणि खाली चेन लावून दिली, पर्सला असते तशी.

आता रोज जेवणाआधी मी पाणी तापवतो, पिशवी भरतो, चेन लावतो आणि त्याला तिच्या खुर्चीशी बसवतो. पहिल्या दिवशी तिने त्याच्या पोटावर हात ठेवला. मी श्वास धरून उभा. म्हणाली, "आलास? फार दिवस लावलेस." आणि जेवली, चिमणे. अख्खी वाटी.

तुला किळस येत असेल. येऊ दे. ती जेवते.

तुझा,
बाबा


२ मार्च

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या चार ओळी मिळाल्या. "हे बरं नाही बाबा. त्याला जाऊ द्या. आईला इकडे आणा. जागा अजून राखून ठेवायला सांगितली आहे." तुला सणसणीत उत्तर लिहून ठेवलं होतं. ते फाडलं. त्याऐवजी हे लिहितोय आणि हे चौथ्यांदा लिहितोय.

मंगळवारी पिशवीचं बूच सैल राहिलं आणि पाणी गळून हेडमास्तरचं पोट भिजलं. भुसा कुजेल म्हणून मी त्याला उताणा करून उन्हात ठेवायला निघालो. उलटा केला तेव्हा त्याच्या तोंडातून काहीतरी टपटप फरशीवर पडलं. मला वाटलं, दात निखळले.

गोळ्या होत्या, आईच्या. पांढऱ्या सकाळच्या आणि पिवळ्या संध्याकाळच्या. काही भाताला चिकटून वाळलेल्या. मी जमिनीवर बसून एकेक वेचली. जिभेमागे बोट घातलं तर आणखी निघाल्या.

तू मागच्या खेपेला म्हणाली होतीस, "बाबा, गोळी गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसा. तुमच्या कवितांनी आई बरी होणार नाही." मी केवढा ओरडलो होतो तुझ्यावर. मी रोज समोर बसतो, असं सांगितलं होतं. बसतच होतो. गोळी तिच्या तोंडात घालायचो, ओळ म्हणायचो, शेवटचा शब्द सोडायचो आणि डोळे मिटायचो.

भुशाच्या हेडमास्तरने त्या गोळ्या गिळल्या नाहीत, म्हणून मला दिसल्या. जिवंत होता तेव्हा तो गिळत होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरातलं कुणाचं औषध त्याच्या तोंडी लागतं का? मी म्हटलं, आमच्या घरात असं होत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काना-मात्रेच्या चुका काढून पोट भरलं मी. ही चूक रोज दोनदा माझ्या पानावर होत होती. उन्हाळ्यापासून तो झोकांड्या खात होता आणि उन्हाळ्यापासूनच आई मला "गृहस्थ" म्हणायला लागली. आता या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बघतो. गोळ्या पोटात गेल्या असत्या तर तिला मी किती दिवस जास्त आठवलो असतो? खरं सांगायला तुझ्यासारखं दुसरं कुणी नाही, म्हणून तुला विचारतो. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

आज दुपारी मी ओळ सोडली आणि डोळे मिटले नाहीत.

तिने गालातली गोळी दोन बोटांनी काढली. चोरून नाही, अगदी सावकाश, माझ्यासमोर. खाली वाकली, त्याच्या तोंडात ठेवली आणि त्याच्या मिशांवरून हात फिरवून म्हणाली, "घे राजा. कडू आहे, पण बरा होशील." मग सरळ बसली आणि मी सोडलेला शब्द सांगितला. बरोबर होता.

गोळी काढून मी पुन्हा तिच्या ओठांशी नेली. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मी विनवलं. रागावलो. तिचा हात जरा जास्तच घट्ट धरला, तेव्हा ती घाबरली आणि म्हणाली, "मला घरी सोडा हो. आमच्या यांना कळलं तर त्यांना त्रास होईल."

एकट्याने जमत नाही, चिमणे. लिहिलं शेवटी.

ती जागा अजून असेल तर सांग. तिथे एखादी परिचारिका असेल, जिला कविता येत नाहीत आणि जी डोळे मिटत नाही. एवढंच विचारून ठेव की हेडमास्तरला तिथे येऊ देतील का. पिशवीला नवीन बूच आणलं आहे. तोंड भुसेवाल्यांकडून शिवून घेतो उद्या. हसरं राहणार नाही, पण राहू दे.

आणि एक वचन दे. तो कशाने गेला हे आईपुढे कधी बोलायचं नाही. ती विसरेल म्हणशील. विसरेलच. पण ते ऐकल्यावर विसरेपर्यंतची पाच मिनिटं तिला सोसायची नाहीत. तो माझ्या हातून गेला, असंच धरून चाल. ते खोटंही नाही.

लवकर ये. गोळी मी रोज धरतो, ती रोज तोंड मिटते.

डोळे उघडे ठेवून बसलेला,
तुझा बाबा