सोपी सहल

सेडूना, रविवार

लाडक्या टेगन,

वाळूच्या टेकड्यांत जीपगाड्या हाकणाऱ्या आपल्या फोर-व्हील क्लबच्या सभेला आज आम्ही चारच म्हातारे होतो. दोन वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, "डॅड, लेकरांना आणता येईल अशी एखादी सोपी सहल ठेवू या ना." मी अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हणालो, "हे काय पाळणाघर आहे?" सगळे हसले. तू बाळाला उचलून निघून गेलीस.

आज आम्हा चौघांतल्या बर्निसनं मला सुनावलं, "क्लब जगवायचाय ना? मग टेगनला अध्यक्ष कर." पहिला हात मीच वर केला. लगेच तुला फोन लावला, तर तुझा नवरा म्हणाला, "तिनं गाडी केव्हाच विकली. त्या सभेनंतर ती वाळूत गेलीच नाही."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू "असू दे, डॅड" म्हणशील, आणि तेवढंच मला सोसवणार नाही.

तुझाच,
डॅड