चिठ्ठीत निघालेला साहेब

६ जानेवारी, सोमवार
बीपीएडच्या वर्गात सरांनी चिठ्ठ्या टाकल्या – एकेका खेळाडूची कारकीर्द लिहून आणायची. सगळ्यांना ओळखीची नावं. मला कोण? आर्थर पेनफोल्ड! शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रज. तू रग्बी खेळतेस ना, मग घे, म्हणाले.

८ जानेवारी
साहेब १९०७ला इंग्लंडकडून पहिली मॅच खेळला. चेंडू हातातून निसटला, इंग्लंड हरलं, याला काढून टाकलं. एका मॅचवर! माझं डोकंच फिरलं.

९ जानेवारी
रविवारी शिर्डीचे पाहुणे मला बघायला येणार. गोरक्षनानांचं – माझ्या चुलत्यांचं – फर्मान: तोवर मैदानावर जायचं नाही, तोंडाला खरचटलं तर? शनिवारी राज्याच्या कॅम्पची निवड चाचणी आहे, हे कुणी विचारलंच नाही. मी जाणार.

११ जानेवारी, शनिवार
गेले! चेंडू घेऊन पळणाऱ्या एका धिप्पाड पोरीला टॅकल करून खाली पाडलं, माझी हनुवटी सोलून निघाली. आईने हळद लावली. मग विचारलं, त्या साहेबाचं पुढं काय झालं? सांगितलं – सहा वर्षं क्लबात खेळत राहिला. १९१३ला परत घेतलाच त्याला. पाच मॅच. मग युद्ध, गुडघा गेला, खेळ संपला.
"सहा वर्सं वाट बघितली व्हय त्यानं?"
वाट नाही बघितली, खेळला, म्हटलं.

१२ जानेवारी
कांदेपोहे झाले. मुलाच्या आईची नजर हनुवटीवर. नाना लगेच म्हणाले, स्कूटीवरून पडली. मी म्हटलं, "पडले नाही. रग्बीत लागलंय." नानांचं तोंड बघण्यासारखं झालं! मुलगा हसला. बरा वाटला तसा. पण त्याची आई म्हणाली, लग्नानंतर सुटतंच की सगळं. त्यावर मी गप्प बसले. स्वतःचाच राग येतोय.

१३ जानेवारी
असाइनमेंट संपवली. शेवटी लिहिलं – याची कारकीर्द सहा मॅचची नाही, मधली सहा वर्षंही धरायची. कापू देत मार्क.

१५ जानेवारी
कॅम्पच्या यादीत माझं नाव आहे! पुण्याला, एक फेब्रुवारीपासून महिनाभर. आणि शिर्डीहून होकार. साखरपुडा दोन तारखेला, वसंत पंचमीला. नाना पेढे घेऊन केडगावभर फिरले. आमच्यात मुलीकडून नकार कळवत नाहीत. मुलीने स्वतः तर नाहीच.

१६ जानेवारी
सकाळी आईने शिर्डीचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "तूच बोल. मला न्हाई म्हनायला कदी जमलंच न्हाई."