भोंगा झाल्यावर कोठे पळावे

जळगाव, वैशाख वद्य दशमी, शके १८६४

तीर्थस्वरूप नाना यांच्या सेवेशी धाकट्या वेणूचा, चष्मा काढून व पदर सावरून केलेला, वाकून नमस्कार.

आपले पत्र पावले. त्यात ‘इकडे सर्व क्षेम’ असे लिहून पुढच्याच ओळीत आपला गुडघा, वहिनींचा दमा आणि शेजाऱ्याने ढकललेले कुंपण यांचे वर्णन आहे. ह्याला क्षेम म्हणावयाचे असेल तर अक्षेम कशाला म्हणावे, हे वकिलांनी एकदा सांगावे. गुडघ्याला निर्गुडीचा शेक द्यावा. वहिनींना धुळ्याच्या धुळीतून चार दिवस इकडे पाठवावे (इकडेही धूळ आहे, परंतु ती नगरपालिका सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपून निदान दबवून तरी ठेवते). माझी प्रकृती उत्तम आहे. ती बिघडण्यास सवड मिळालेली नाही, आणि त्याचेच कारण आता विस्ताराने कळविते.

येत्या बुधवारी मुंबईहून नेमलेले तपासणीचे साहेब धुळ्यास येतील आणि आपण तेथील संरक्षण समितीचे चिटणीस म्हणून आपल्याला सांगतील की, हवाई हल्ल्याच्या प्रसंगी नागरिकांनी कसे वागावे ह्याचा आदर्श पाहावयाचा असेल तर जळगाव पाहा. तेथे एका विदुषीने सबंध शहर असे शिकवून ठेवले आहे की इशारा होताच काही मिनिटांत रस्त्यावर माणूस दिसत नाही. ती विदुषी म्हणजे मी. आपण बहिणीच्या कौतुकाने भारावून जाऊन तोच क्रम धुळ्यास लागू कराल, अशी मला भीती वाटते. म्हणून प्रत्यक्षात काय घडले ते आधीच ऐकावे.

विशाखापट्टणावर बाँब पडल्याची बातमी आली त्याच आठवड्यात येथेही संरक्षण समिती स्थापन झाली आणि मी तिची चिटणीस. पहिल्या सभेत आक्षेप निघाला की, जपानी आले तरी ते भुसावळच्या जंक्शनसाठी येतील, जळगावात त्यांचे काय काम? ह्यावर सभासद इतके दुखावले की, जळगाव हे बाँब टाकण्याच्या योग्यतेचे शहर कसे आहे हे सिद्ध करण्यातच सारी संध्याकाळ गेली. कापसाचा बाजार, गिरणी, दोन दिशांना जाणारे लोहमार्ग, सर्व पुरावे मांडले गेले, आणि अखेर ‘भुसावळच्या आधी जळगाव’ असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. (अशा ठरावाला टाळ्या वाजविणारे दुसरे शहर ह्या पृथ्वीवर असेल असे मला वाटत नाही, धुळे असल्यास कळवावे.) मग खंदकांचा प्रश्न आला. आमचे एक सभासद पारसमल शेठ, धान्याचे व केळ्यांचे मोठे व्यापारी, मला म्हणाले, “बाईसा, दुकानापुढं खंदक खणला तर पाया ढिला होणार. पाया ढिला झाला तर जपानची गरजच काय राहिली?” तरी मी खणविला. चार दिवसांनी तपासणीस गेले तर खंदक वरून मातीने लिंपलेला आणि एका भोकातून मंद धूर येत असलेला. शेठजींनी आत केळी पिकत घातली होती. विचारले तेव्हा शांतपणे उत्तरले की, सरकारने खड्डा फुकट खणून दिला, तो रिकामा ठेवणे म्हणजे सरकारचा अपमान.

परंतु मुख्य विषय भोंग्याचा. सरकारी परिपत्रकात इशाऱ्याचा आवाज चढउताराचा असावा असे म्हटले होते. आमच्याकडे तसले यंत्र नाही. आहे तो गिरणीचा वाफेचा भोंगा, आणि त्याला एकच सूर ठाऊक आहे. तेव्हा मी न्यायशास्त्राच्या आधाराने तोड काढली. भोंगा रोज वाजतो म्हणून त्याचा अर्थ काम असा होतो. तो रोजचा बंद केला तर कामाशी असलेले त्याचे साहचर्य तुटेल, आणि मग जेथे जेथे भोंगा तेथे तेथे संकट, अशी निर्दोष व्याप्ती सिद्ध होईल. हे अनुमान आजही मला निर्दोष वाटते. दोष असलाच तर तो जळगावात आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवसापासून भोंगा मुका झाला. त्याबरोबर गोंधळ नको म्हणून देवळांतील व इतर सर्व घंटाही बंद, असा सातवा नियम मीच लिहिला.

नाना, हे शहर घड्याळावर चालते असा माझा समज होता. ते भोंग्यावर चालत होते. पहाटेच्या भोंग्याला गवळी उठत, फाटकाच्या भोंग्याला न्हावी दुकान उघडीत, दुपारच्या भोंग्याला सासवा सुनांना जेवावयास सांगत आणि संध्याकाळच्या भोंग्याला देवापुढे दिवा लागे. तो थांबल्यावर दूध उन्हात येऊ लागले, कज्जेदलाल अर्धी दाढी करून कचेरीत दिसू लागले आणि आमच्या गल्लीतील सुना भुकेने कावऱ्याबावऱ्या झाल्या. खरी झळ मात्र लागली ती गिरणीच्या माणसांना. पहाटे कोणी उठविणारे नाही. आणि उशिरा पोचणाऱ्यास फाटक बंद, तीन खाडे पडले की नाव कमी, हा गिरणीचा नियम जपानी येवोत न येवोत चालूच.

माझ्या परसाच्या मागे धुरपदाबाई राहते. गिरणीच्या रीळ खात्यात सोळा वर्षे आहे, नवरा नाही, दोन मुली पदरी आहेत आणि जीभ अशी की, तिच्यापुढे मी माझी पदवी विसरते. एके सकाळी ती कुंपणाशी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, जपानवाला येई तवय येई. मनी हजेरी ते रोज जाई राहिनी. दोनदा फाटकवरथीन परत उनू. आते तिसरा खाडा पडना का नाव कटनं.” मी तिला घड्याळाचे महत्त्व समजावून सांगितले. तिने ते सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, “भोंगा बंद करनारी तुम्ही, मंग उठाडानं काम बी तुमनंच शे.” ह्या युक्तिवादात मला छिद्र सापडेना. (आपल्याला सापडल्यास कृपया कळवू नये.) तेव्हापासून मी, मुंबई विद्यापीठाची संस्कृत विषयाची पदवीधर व मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, पहाटे शाळेची घंटा हातात घेऊन गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवीत जाऊ लागले. आठवडाभरात लगतच्या दोन गल्ल्यांनीही मागणी केली. एका घरातून तर, बाई आज जरा उशिरा आल्या, असे शब्द ऐकू आले.

हे पारसमल शेठना कळणारच होते. बुधवारच्या सभेत ते हात जोडून म्हणाले, “बाईसा, नियम सातवा पाहा. आमच्या देवळाची घंटा बंद आणि आपली चालू. आमच्या देवानं काय जपानला पत्र पाठवलंय?” नियम माझा, भाषा माझी, अपवादाला जागा म्हणून ठेविलेली नाही. मी घंटा कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि गुरुवारी पहाटे अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिले. बाहेर सूर्य वर आल्यावर धुरपदाबाईच्या घरात एकदम भांडी आपटू लागली. थोड्या वेळाने ती गिरणीकडून परत आली. दीडशे माणसे फाटकाबाहेर राहिली होती, आणि हिचा तिसरा खाडा. ह्या खेपेस ती कुंपणाशी न थांबता सरळ आत गेली. तिने काही बोलावे म्हणून मी दोनदा परसात जाऊन आले.

त्याच गुरुवारी तपासणीचे साहेब आले. ते चौकात मोटार उभी करून घड्याळ पाहत होते, आणि मी सकाळच्या शाळेत वर्ग घेत होते. इकडे पाण्याच्या टाकीवर टेहळणीस बसविलेले आमचे कवाइतीचे मास्तर भटू पाटील ह्यांना गिरणा नदीवर घिरट्या घालणारे एक विमान दिसले. त्यांनी दुर्बिणीतून पाहिले, खूण ओळखू आली नाही, तेव्हा नियमाप्रमाणे गिरणीस निरोप धाडला, आणि तीन आठवड्यांनी भोंगा झाला. (विमान आपलेच होते. बिचारे वाट चुकून रेल्वेचे रूळ शोधीत होते, असे संध्याकाळी कळले.)

शहराने काय केले ते ऐकावे. माझ्या मुलींनी दप्तरे उचलली, रांग केली आणि, दुपारची सुट्टी झाली बाई, असे म्हणून आपापल्या घरी गेल्या. मी खंदकाकडे बोट दाखवीत वर्गात एकटी उभी. बाजारात फळ्या लागल्या व व्यापारी जेवावयास गेले. सासवांनी सुनांना ताटे वाढली. गिरणीच्या आतील माणसे साचे थांबवून भाकरीची फडकी सोडून बसली. दुसऱ्या पाळीची माणसे, आपल्यालाच उशीर झाला असे समजून, सदऱ्याच्या बाह्या चढवीत गिरणीकडे धावत सुटली, आणि त्यांच्यापुढे सकाळी परतलेली ती दीडशे. समितीचे दोन सभासद मात्र, केवळ नमुना घालून द्यावा म्हणून, शेठजींच्या खंदकात उतरले. ते अजून केळ्यांच्या वासाने ओळखू येतात.

मी धावत गिरणीच्या फाटकाशी पोचले तेव्हा दारवानाने ते सताड उघडले होते. त्याला आयुष्यात एकच गोष्ट शिकविलेली: भोंगा झाला की फाटक उघडावयाचे. हजेरीच्या कारकुनालाही एकच: भोंगा झाला की हजेरी घ्यावयाची. त्याने ती घेतलीही होती. आत धुरपदाबाई कपाळाचा घाम पुसत उभी होती. मी रागाने विचारले की, इशारा झाल्यावर खंदकाकडे पळावयाचे सोडून ही इकडे काय करते? “तुम्हीच सांगेल व्हतं, भोंगा वाजना का पळा. मी पळनू. भोंगा वाजना का कथा पळानं हाई माले सोळा वरीसपाईन माहीत शे.” कोठे पळावे हे तिला सोळा वर्षांपासून माहीत, आणि मी शिकवीत होते तीन आठवडे.

इतक्यात माडीवरून गिरणीचे मॅनेजर उतरले आणि कारकुनास दरडावून सांगू लागले की, सकाळच्या उशीरवाल्यांची ही हजेरी खोटी, सगळी खोडून टाक. कारकुनाने टाक दौतीत बुडविला. त्याच क्षणी मागून साहेबांची मोटार आली. साहेब उतरले तेच मॅनेजरांचा हात हातात घेऊन. सबंध शहराला आसरा म्हणून एवढ्या भक्कम भिंतींची इमारत निवडणे ही केवढी दूरदृष्टी, आणि दारे आधीच उघडी, आत जाणाऱ्यांची मोजदादसुद्धा चालू. असे त्यांनी लंडनातही पाहिले नव्हते. मॅनेजरांनी हात सोडवून घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. साहेबांनीही माझ्याकडे पाहिले आणि विचारले की, ह्या लोकांना इकडे यावयाचे हे आपण कसे शिकविले?

नाना, मी आजवर परीक्षेत एका गुणाचीही दया दाखविलेली नाही. मी खरे ते सांगण्यासाठीच तोंड उघडले. कारकुनाचा टाक दौतीवर थबकलेला होता आणि धुरपदाबाई त्या टाकाकडे पाहत होती. माझ्याकडे ती पाहतच नव्हती. मी शुद्ध इंग्रजीत म्हटले की, साहेब, वर्षानुवर्षे त्यांना जेथे जावयास शिकविले आहे तेथेच ती गेली. ह्या वाक्यातील एकही अक्षर खोटे नाही. मी ते घरी येऊन तीनदा तपासले. साहेबांनी टोपी काढली. इशारा पाळून फाटकात आलेल्या प्रत्येकाचे नाव हजेरीत राहील, कारण ही सरकारी आज्ञेची अंमलबजावणी आहे, असे त्यांनी मॅनेजरांस बजावले. कारकुनाने टाक पुसून कानावर ठेवला. मग साहेबांनी हुकूम केला की, असा सराव मोडता कामा नये. सबब भोंगा रोज पहाटे, फाटकाच्या वेळी, दुपारी व संध्याकाळी वाजवावा आणि लोकांनी रोज गिरणीत जावे.

त्याप्रमाणे शुक्रवारपासून जळगावात दिवसातून चार वेळा हवाई संरक्षणाचा सराव होतो. दूध वेळेवर येते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सांभाळून असावे.

आपली धाकटी बहीण,
वेणू

ता. क. – साहेबांनी मजकडून आठ दिवसांत लेखी अहवाल मागविला आहे: शिक्षणाची पद्धती, त्यास लागलेला काळ व झालेला खर्च. मी चार दिवस बसले. खरे लिहिले तर धुरपदाबाईसह दीडशे नावे जातात. खोटे लिहावयास हात चालत नाही. आणि त्या एका वाक्याच्या तोडीचे दुसरे वाक्य सुचत नाही. आपण वीस वर्षे वकिली करीत आहात. तेव्हा बुधवारपूर्वी येऊन तो अहवाल आपणच लिहून द्यावा. वरील चार पाने खरे म्हणजे एवढ्यासाठी. मी शुद्धलेखन तपासून सही करीन.

पुन्हा ता. क. – रोजच भोंगा झाल्यास खरे विमान आले तर इशारा कोणता, हे आपण विचाराल. समितीने त्याचाही विचार केला आहे. त्या दिवशी भोंगा वाजणार नाही. वेळ होऊनही भोंगा न झाल्यास सर्वांनी खंदकात जावे, असा ठराव मी लिहिला आहे. जपान्यांनी गिरणीच्या वेळा पाळणे तेवढे आवश्यक आहे. धुळ्यास हे लागू करू नये.

आणखी – पाकीट बंद करीत होते तोच भोंगा झाला. धुरपदाबाईने डोक्यावर पदर ओढीत कुंपणावरून विचारले, “बाई, हाऊ कामना शे का जपानना?” मी म्हटले, कामाचाही आणि जपानचाही, पळा.