बाझलला तू काय म्हणालास

झाब्रोव, मार्च १९०७

प्रिय झावेल,

नदीवरचा बर्फ फुटायला लागलाय, मासे येत नाहीत, म्हणून रिकामी बसून ताई पत्र लिहितेय असं समजू नकोस. दोन आठवडे माझं डोकं ठिकाणावर नाही. इतकी वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले तर हात थांबत नाही. वाचताना मध्येच राग आला तर कागद बाजूला ठेव, चहा पी, मग पुन्हा वाच, पण शेवटपर्यंत वाच. मी कशी आहे हे तुला नव्याने सांगायला नको. कल्ला उघडून पाहिल्याशिवाय मी मासा विकत घेत नाही. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी एकोणीसची. तेव्हापासून पोटात दुखतंय म्हणालास तरी मी आधी तुझी जीभ बघायची आणि मग विश्वास ठेवायची.

तू बाझलहून परत आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. अख्खं गाव स्टेशनवर लोटलं होतं. त्या वसंतात किशिनेवला यहुद्यांविरुद्ध दंगल झाली होती. तिथल्या मेलेल्यांची नावं देवळात वाचली गेली तेव्हा बायका छाती पिटत होत्या. म्हणून तर त्या वर्षी बाझलला आपल्या यहुद्यांचं जे मोठं अधिवेशन भरणार होतं, त्याला झाब्रोवनेही आपला माणूस पाठवायचं ठरवलं. जर्मन येणारा आणि शाळेतल्या मुलांना हिब्रू शिकवणारा गावात तूच. तुझा कोट मीच उलटून शिवला होता. घराघरात आपल्या पुढाऱ्याची, डॉक्टर हर्झलांची तसबीर होती. आम्हाला वाटलं, डॉक्टर आता जेरुसलेमची किल्ली हातात ठेवतील. आणि बातमी आली ती भलतीच! इंग्रज आफ्रिकेत जमीन देतायत, डॉक्टरांनीच ते सभेपुढे मांडलंय, ती बघायला माणसं पाठवायची की नाही, एकेकाचं नाव पुकारणार आणि प्रत्येकाने 'हो' किंवा 'नाही' सांगायचं. आपल्या गावात तर वादच नव्हता. झायन म्हणजे झायन, जेरुसलेमची भूमी सोडून दुसरी नाही. 'हो' म्हणणारा आपली आई विकणारा. आणि तू गाडीतून उतरलास, माझ्या लिपाच्या हातात एक खिशातला चाकू ठेवलास, माझ्या हातात चॉकलेट, आणि म्हणालास काय, तर "ताई, भूक लागलीय." बस्स! त्याच क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं होतं, आठवतं? तू दातात साखर धरलीस, वरून चहा ओतलास आणि म्हणालास, "तुला काय वाटतं?" असं उत्तर खरा माणूस देतो का? गेले अधिवेशनाला, आणि परत येऊन तोंडात मिठाची गुळणी! मग पुढच्याच आठवड्यात लाकडाच्या वखारीचा दलाल गेत्झल माझ्या पाटीपाशी आला. तोही बाझलला बाल्कनीत बसून आला होता, गोंगाटात कुणाचं उत्तर ऐकू आलं नव्हतं, पण बाकी सगळं पाहिलं होतं. पाईक मासा हातात तोलत म्हणाला, "हिंदाबाई, 'नाही' म्हणणारे सगळे उठून बाहेर गेले, जमिनीवर बसून रडले, कुणी मेल्यावर बसतात तसे. तुमचा झावेल काही उठला नाही. खुर्चीत बसून राहिला, एका म्हाताऱ्याचा हात धरून. तो म्हातारा 'हो'वाला होता हो!" मी त्याला म्हटलं, मासा खाली ठेव आणि चालता हो. पण ऐकलेलं कानातून बाहेर काढता येत नाही.

मग मी तुझ्यावर पाळतच ठेवली, खोटं कशाला सांगू. तुझ्या पुस्तकांत आफ्रिकेचा नकाशा सापडला. शाळेत भूगोल शिकवतोस हे मला माहीत होतं, तरी मी म्हटलं, पाणी मुरतंय. तू डॉक्टरांची तसबीर उतरवली नाहीस. पलीकडच्या गल्लीत दोघातिघांनी रागाने भिंतीकडे तोंड करून टांगली होती, तू मात्र रोज तिच्यावरची धूळ पुसायचास. आणि पुढच्या वसंतातल्या पेसाखच्या सणाला! जेवण झालं, चौथा प्याला झाला, सगळे ओरडून म्हणाले, "पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये!" मी माझं म्हणायचं सोडून तुझ्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले, आवाज आला नाही. लिपाने तुझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "मामा, घसा बसला का?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते तू माझ्यापेक्षा जास्त वेळा आठवलं असशील. अन्याय झालेल्या माणसाने शनिवारी शब्बाथला देवळात पुढे येऊन मेजावर हात आपटला की त्याचं ऐकून घेईपर्यंत तोराहच्या पोथीचं वाचन थांबवायचं, ही आपली जुनी रीत. बाप नसलेल्या पोरी तिच्या जोरावर आपला हक्क मागायच्या. मी ती माझ्या भावावर वापरली. बायकांच्या माडीवरून खाली उतरले, पुरुषांच्या मधून चालत गेले आणि मेजावर हात आपटला. म्हटलं, माझ्या भावाने बाझलला काय सांगितलं ते त्याने सगळ्यांसमोर सांगावं, तोवर एक अक्षर वाचलं जाणार नाही. तू पांढराफटक पडलास. एक शब्द, झावेल! एका शब्दात सुटला असतास. तू माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाहीस, उघड्या पोथीकडे बघून म्हणालास, "ताई, वाचू दे त्यांना." मग काय, खाई त्याला खवखवे, असं सगळ्यांनीच ठरवलं. सोमवारी शाळेत निम्मीच मुलं आली. जुलैमध्ये डॉक्टर गेल्याची बातमी आली तेव्हा देवळात तुझ्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही. मीही वरून नुसती बघत राहिले.

आणि ज्या झाब्रोवने तुला झायन विकणारा म्हटलं, त्या झाब्रोवमधून जेरुसलेमच्या वाटेवरच्या याफा बंदराच्या बोटीत चढलेला माणूस एकच, तूच. बाकीचे सगळे झायनप्रेमी अजून शेकोटीपाशी बसून हेरिंग मासे खातायत. जाताना तू माझ्या दाराशी आला होतास. मी दार उघडलं नाही. मी घरात नव्हते असं तुला वाटलं असेल तर ते खोटं. मी दाराला पाठ लावून उभी होते आणि तुझं खोकणं ऐकत होते. मनात म्हणत होते, सांग, आत्ता तरी सांग, मग उघडते. असली मेली हट्टी बाई!

लिपा ओडेसाला बंदरात कामाला गेला, तुला माहीत आहेच. एकोणीसशे पाचच्या ऑक्टोबरात तिथल्या दंगलीत तो गेला, हेही तुला कळवलं गेलं. मी नाही कळवलं, देवळाच्या कारभाऱ्याने कळवलं. एकोणीस वर्षं, झावेल. त्याला नीट दाढीही आली नव्हती. त्याच्यानंतर माझा तुझ्यावरचा संशय गेला नाही, पण त्याचं तोंड फिरलं. आधी मला भीती होती की तू 'हो' म्हणालास. आता मी देवाजवळ मागत होते की तू 'हो' म्हणाला असावास. निदान माझ्या घरातल्या एकाला तरी वाटलं असावं, की जागा कुठलीही असो, आधी या पोराच्या डोक्यावर छप्पर हवं. एका 'हो'ने काही झालं नसतं, मला कळतं. 'हो'वाले जिंकले होते, तरी पुढे ते सगळं बारगळलंच. पण आईला हिशेब शिकवू नये.

आता गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. औषधवाला फायटल मुलाकडे अमेरिकेला निघालाय. वाचनालयाची पुस्तकं त्याच्याकडेच असतात, ती भरायला त्याने माझ्या माशांच्या टोपल्या मागितल्या. त्या ढिगात बाझलच्या अधिवेशनाची जाडजूड छापील वही निघाली, सगळ्यांची भाषणं, सगळ्यांची नावं. कधीची येऊन पडली होती! आणि तिची पानं अजून कडेला जोडलेलीच होती. ज्या वहीसाठी भांडून लोकांनी एकमेकांकडच्या लग्नांना जाणं सोडलं, तिची पानं कापायला एकाच्याही सुरीला सवड झाली नव्हती. मी फायटलला म्हटलं, काप. तो मलमाच्या सुरीने कापत गेला, मी त्याच्या खांद्यावरून बघत राहिले, मला ती जर्मन अक्षरं कुठे येतात! नावं आली, आणि तुझं नाव 'नाही'च्या यादीत निघालं. फायटल उडालाच. "हिंदाबाई, तुमचा भाऊ धुतल्या तांदळासारखा!" म्हणत तसाच देवळाकडे पळाला. तुझ्या नावाने थुंकणारी माणसं संध्याकाळी मधाचा केक घेऊन माझ्या दारात. चाळीस सह्यांचं माफीपत्र तुला येणार आहे. त्यावर फार विश्वास ठेवू नकोस, उद्या दुसरी यादी निघाली तर हेच चाळीस तिच्यावरही सही करतील. ते सगळे आनंदात होते. मी त्या पुस्तकांच्या टोपलीवर बसून इतकी रडले, की लोकांना वाटलं भावाचा आनंद झाला.

कुणाला माहीत नाही ते आता लिहिते. बाझलहून तू मला तार केली होतीस: "ताई, काय सांगू?" मत द्यायच्या आदल्या दिवशी. तेवीस वर्षांचा बाप्या, आणि सहा वर्षांच्या पोरासारखं विचारलंस. मी ती तार चुलीत घातली आणि उत्तर दिलं, "नाही. नाहीतर घरी येऊ नकोस." ती तार घेऊन स्टेशनवर लिपाच पळाला. जाताना त्याने विचारलं, "आई, आफ्रिकेत बर्फ पडतो का गं?" आणि मी त्याच्यावर खेकसले. तुझ्या मनात 'हो' होतं, झावेल, नाहीतर तू विचारलंच नसतंस. तू माझं ऐकलंस, आणि मी वर्षभर तुझ्यावर पाळत ठेवली, की याने माझं ऐकलं की नाही! देवळात तू माझ्याकडे बोट दाखवू शकला असतास. 'नाही' म्हणूनही सुटला असतास, पण जे तुझं नव्हतं त्यावर सुटणं तुला जमलं नाही. तुझ्या पत्रांत संत्र्यांची झाडं आहेत, उंट आहे, हिवताप आहे, शाळेतली बारा मुलं नावानिशी आहेत, लिपाचं नाव एकदाही नाही. मी म्हणायचे, बघा, सख्खा मामा आणि भाच्यासाठी एक शब्द नाही. आता कळलं तो शब्द तुझ्या हातून का उतरत नाही. म्हणून हे पत्र. ते 'नाही' माझं होतं. बाझलच्या त्या सभेत मी उभी राहिले होते, तू नव्हतास. ते माझं मला दे आणि मोकळा हो. आणि आता लिहिशील तेव्हा लिपाबद्दल लिही. तो तुझ्याशी काय बोलायचा, कशावर हसायचा, मला माहीत नसलेलं काहीही. इथे आता त्याचं नाव घेणारी मी एकटीच उरलेय.

तुझीच,
हिंदाताई