सात घरांची गल्ली

३ तारीख, सोमवार
नव्या गावातला पहिला दिवस झकास गेला. पाट्या रंगवता रंगवता नकाशे शिकलेल्या माणसाला अख्ख्या शहराचा डिजिटल नकाशा करायला देतात, म्हणजे जगात अजून बराच भाबडेपणा शिल्लक आहे. खोलीच्या खिडकीतून बेकरी दिसते, तिला चिकटून शिंप्याचं दुकान. मधे सुई शिरणार नाही. बायको आणि चिमणी तेवीसला येणार. तोवर घर बघून ठेवा, असं बायकोनं फोनवर बजावलंय. चिमणीनं बुटाची चौकशी केली. माझा डावा बूट करकरतो ना, त्यामुळे तिच्या मते बाबांच्या आधी बाबांचा बूट घरी येतो.

८ तारीख, शनिवार
पाच दिवस नुसती पायपीट. कुठला जिना कुठं उतरतो, कुठल्या बोळात हातगाडी अडते, सगळं वहीत टिपलं. कच्चा आराखडा कागदावर झाला. आता ऑफिसातल्या संगणकवाल्या बाई रस्ते चढवतात आणि मी रंग, नावं सांगतो. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, तुम्ही शहर मोजत नाही, कान लावून ऐकता. खोटं नाही.

१३ तारीख, गुरुवार
आमच्या धंद्यातली एक जुनी खोड आहे. नकाशात एक खोटी गल्ली घालून ठेवायची. कुणी नकाशा चोरला, की ती गल्लीही चोरतो आणि आयता सापडतो. मी ती गल्ली बेकरी आणि शिंप्याच्या मधे घातली. अरुंद, सात घरांची. नकाशा वाट बरोबर दाखवतो का हे तपासायला सातव्या घरावर खूण केली, तिला ‘घर’ असं नाव दिलं. नकाशा कौतुकानं बायकोलाही पाठवला. खूण काढायची राहिली वाटतं.

१८ तारीख, मंगळवार
नकाशा पन्नास जणांना वापरायला दिलाय. तक्रारी आल्या: अक्षरं बारीक, एक बसथांबा चुकलाय. एकानं लिहिलंय, की सात घरांच्या गल्लीत शेवटचं दार डावीकडे आहे, तुम्ही उजवीकडे दाखवलंत. बाई हसल्या. मीही हसलो, पण जरा उशिरा.

२० तारीख, गुरुवार
पोस्टमनला त्या गल्लीबद्दल सहज विचारलं. म्हणाला, हो की, पाच घरांची पत्रं असतात, सहावं बंद. सातव्यातले लोक अजून यायचेत, रविवारी येतील असं कानावर आलंय.
रविवारी तेवीस आहे.
बाईंना गल्ली पुसायला सांगितली. माझ्यासमोर पुसली.

२१ तारीख, शुक्रवार
गल्ली परत आलीय. बाई शपथेवर सांगतात, हात लावला नाही. शेवटचं दार आता डावीकडे.
भरदुपारी बेकरी आणि शिंप्याच्या मधल्या भिंतीला कान लावला. एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला शिंप्याचं मशीन. आणि मधे पावलं. एक गप्प, एक करकरणारं.

२२ तारीख, शनिवार
बूट खाटेखाली ठेवले. चपला घालून भिंतीपाशी गेलो. करकर चालूच.
बायकोचा फोन लागत नाही, प्रवासात असेल. निरोप ठेवलाय. नकाशा उघडू नकोस, थांब्यावरच उभी राहा, मी येतो.

२३ तारीख, रविवार
खाटेखाली बूट नाहीत.

थांब्यावर नवापासून उभा. गाडी आठलाच येऊन गेली म्हणे —

बेकरीपाशी. समोर भिंत. बायको फोनवर आहे. निरोप मिळालाच नाही म्हणते. गल्ली छान आहे, नकाशा अगदी बरोबर, लोक दारात येऊन बघतायत. चिमणी पुढं पळाली, तिनं बुटाचा आवाज ओळखला —

सांगतोय, तो मी नाही. मी बाहेर आहे. तिला मागे ओढ —

कडी निघाल्याचा आवाज. फोनमध्येही, भिंतीतही.

बायको हसतेय. विचारते, मग फोनवर कोण बोलतंय, हे तर चिमणीला उचलून —