सुभेदारांशी दोन हात

१३ नोव्हेंबर २००५, रविवार
ठरलं. भार्गवीला पळवून नेणार. (सुचवलं तिनं, पण निर्णय माझा.) तिचे वडील सुभेदार सर्जेराव, इथल्या मिलिटरी स्टेशनात नोकरीला, अकरा डिसेंबरला तिचं लग्न साताऱ्याच्या कुठल्याशा डेअरीवाल्याशी लावतायत. तिला मात्र जैसलमेरपलीकडच्या वाळवंटातल्या नॅशनल पार्कमध्ये माळढोक मोजायचं काम मिळालंय, तीन महिन्यांचं. सहा डिसेंबरला हजर व्हायचंय. म्हणजे चारला निघायचं, पाचला जैसलमेरच्या देवळात लग्न, मग पार्क. सर्जेराव आडवे आले तर रक्त सांडेल. कुणाचं, ते लिहायची गरज नाही.

१५ नोव्हेंबर
घराजवळ झोटवाड्यात कराटे क्लास लावला. सरांनी पहिल्याच दिवशी पोटात लाथ मारून दाखवली. फार काही लागलं नाही, फक्त बराच वेळ श्वास येत नव्हता. सर म्हणाले, तन्मयजी, आठ दिवस येऊ नका. माझा आवेश बघून टरकले असावेत.

१९ नोव्हेंबर
वाळवंटात उंट लागणार. शहराबाहेर बस्सीच्या रस्त्याला एक उंटगाडीवाला भैया गाठला. जनावराच्या डोळ्यांत रोखून बघितलं की ते नमतं. उंटानं खांद्याला चावा घेतला. मी फिरून ठोसा हाणला, तो उंटवाल्याला बसला. मग उंटवाल्यानं मला धुतलं. शेवटपर्यंत मैदान सोडलं नाही. उठताच येत नव्हतं.

धनुर्वाताचं इंजेक्शन. घरी सांगितलं, स्कूटर घसरली. आई म्हणाली, स्कूटरला दात होते का?

२२ नोव्हेंबर
तिकिटं काढली. स्लीपर, दुपारची जोधपूर गाडी, तिथून रात्री जैसलमेरची. वेटिंग लिस्ट १४ आणि १५. भार्गवी फोनवर म्हणाली, कशाला एवढं, जनरलमध्ये घुसू. मी म्हणालो, लग्नाच्या प्रवासात बायकोला उभी नेणारा मी नव्हे. ती म्हणाली, तन्मय, गाडीत चढणं महत्त्वाचं. तिला प्लॅनिंग कळत नाही. शिकेल हळूहळू.

२५ नोव्हेंबर, सकाळी ७
हातानं वीट फोडायचा सराव.

२५ नोव्हेंबर, सकाळी ९.३०
दोन बोटांना प्लास्टर. वीट शाबूत. पण बोटं उजव्या हाताची असल्यामुळे सर्जेराव आता माझ्या डाव्याला गाफील सापडतील. (हे डाव्या हातानं लिहितोय.)

२८ नोव्हेंबर
वेटिंग ९ आणि १०. अशानं कन्फर्म होणार नाही. मग डोकं चाललं: इमर्जन्सी कोटा! बाबा विमा कंपनीत ऑफिसर. तीन बदल्या झाल्या, आमचं कुटुंब कधी वेटिंगवर प्रवासाला निघालेलं नाही. दर सुट्टीला बाबांची चिठ्ठी रेल्वेतल्या हिंदुरावकाकांकडे जाते आणि बर्थ मिळतो. काका इथल्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी, भला माणूस. यंदा अर्ज मी परस्पर नेऊन दिला.

अर्जात प्रवासाचं कारण लिहावं लागतं. जरा थांबलो. पण सरकारी कागदावर खोटं लिहायचं आमच्या रक्तात नाही. लिहिलं: विवाह. खाली दोन्ही प्रवाशांची नावं, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य. काकांना बजावलं, कुणाला बोलू नका. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि मला मिठी मारली.

३० नोव्हेंबर
बाबांनी जेवताना विचारलं, चार तारखेला तुझं लग्न आहे का? मंडळात जिलबी वाटली गेली म्हणे. उत्तर द्यायच्या आत कानाखाली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मग आई लाटणं घेऊन आली.

काका अभिनंदन करायला सर्जेरावांकडेही गेले होते. सर्जेरावांनी त्यांचा चष्मा फोडला.

भार्गवीचा एसएमएस: घरात मारामारी झाली. योगेशदादा दारावर बसलाय. मोबाइल काढून घेतील. चारला काही झालं तरी स्टेशनवर येते. तू ये.

उशीला डाव्या हातानं वीस ठोसे हाणले. कराटेत याला ऊर्जा म्हणतात.

४ डिसेंबर, सकाळी ११
काकांचा फोन. म्हणाले, माझा चष्मा गेला तरी शब्द जात नाही. कन्फर्म! एस-५, ३३ आणि ३४. निघतो. सर्जेराव, सांभाळा.

४ डिसेंबर, संध्याकाळ
झालं तसं लिहितो.

भार्गवी धावत आली. ओठ फुटलेला, एका पायात चप्पल नाही. मागून तिचा चुलतभाऊ योगेश. त्यानं तिचा दंड पिरगळला. तिनं सॅक अशी फिरवली की तो चहाच्या ठेल्यावर कोसळला, नाकातून रक्ताची धार. मी ओरडलो, हाण! गाडी हलली. समोर जनरलचा डबा. ती चढली, दारातून हात पुढे केला. म्हणाली, तन्मय, चढ.

मी म्हणालो, अगं, आपला डबा एस-५.

ती परत म्हणाली, चढ. मी एस-५ कडे पळालो. वाटेत सर्जेराव उभे. अखेर तो क्षण! पाय रोवले, प्लास्टरसकट मुठी वळल्या, डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी गेली होती. सर्जेराव माझ्या बाजूनं निघून गेले होते आणि योगेशच्या नाकाला रुमाल लावत होते.

६ डिसेंबर
जेवलो नाही. तिचा हात दिसतो.

९ डिसेंबर
स्वतः होऊन सर्जेरावांच्या क्वार्टरवर गेलो. खरं तर मार खायलाच गेलो होतो. एकदा बडवून घेतलं की हिशेब मिटेल, असं वाटलं. दारातच म्हणालो, काका, मी तयार आहे. मारा.

त्यांनी आत बोलावलं. भार्गवीचा जैसलमेरहून फोन आला म्हणाले. दोन माळढोक दिसले तिला. साताऱ्याला नकार कळवलाय. आठवड्यानं स्वतः तिला भेटायला जाणार आहेत. ती माझ्याबद्दल काही बोलली का, विचारलं. न्हाई, म्हणाले.

मी परत म्हणालो, मारा ना.

त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. मग म्हणाले, तुला कशापायी मारू, बाळा? तू काय केलंस?

चहा घेतला. बसनं घरी आलो.