सरकार, गुरुजी आणि रविवारचं केळवण

१ नोव्हेंबर, शनिवार

दुरुस्ती. काल लिहिलं की माझं आणि सलोनीचं लग्न लावायला गुरुजी 'हो' म्हणाले. ते 'हो' फोनवरच्या सत्यनारायणवाल्यांना होतं. (चौथीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं. चुकलेलं खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची.) मला ते म्हणाले, दोन मुलींचं शास्त्रात कुठे दिसत नाही, पण सरकारने कायदा केला तर बघू.

म्हणजे अनुकूल.

सलोनीला बंगळुरूची बदली आलीय. दहा तारखेला, सोमवारी, कळवायचंय. म्हणते, तू घरी सांग, मग मी बदलीला नाही म्हणते. सांगणारच. आधी सरकार आणि धर्म मार्गी लावते, म्हणजे बाबांना शंका उरणार नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

विवाह नोंदणी कार्यालय. तिथल्या बाईंनी विचारलं, मुलगा कुठाय. म्हटलं, नाहीये, दोघी मुलीच. त्या म्हणाल्या, कायद्यात बसत नाही, कोर्टाने संसदेवर सोडलंय, आणि संसदेला समाज, धर्म सगळंच बघावं लागतं. शिवाय आता लंच टाइम.

निष्कर्ष: गुरुजी सरकारसाठी थांबलेत, सरकार धर्मासाठी. विरोध असा कुणाचाच नाही. इतकं हलकं वाटलं की दोन प्लेट एसपीडीपी खाल्ली. सलोनीला फोन केला. ती हसत सुटली. मग म्हणाली, "आणि तू दोघांसाठी."

५ नोव्हेंबर, बुधवार

तुळशीचं लग्न. सलोनीला 'ऑफिसातली मैत्रीण' म्हणून बोलावलं. (यंदाही.) मंगलाष्टकं बाबांनीच म्हटली. आईच्या अक्षता तुळशीवर कमी, आम्हा दोघींवर जास्त. कॉलेजात थ्रोबॉलची कॅप्टन होती, पण वयाने नेम जातो.

मग बाबा कुंडीकडे बघत म्हणाले, "हिचं लग्न कुठल्या सरकारने नोंदवलंय? तरी लावतोच ना आपण दरवर्षी." पाणीकपातीपासून ते सरकारवर चिडून असतात.

आईने सलोनीला विचारलं, रविवारी केळवणाला पुरणपोळी करू की श्रीखंड. केळवण लग्न ठरलेल्यांना करतात. आईला साधं जेवण म्हणायचं असेल.

चपला घालताना सलोनी म्हणाली, "अगं सुनीती, आता कळायचं फक्त तुलाच राहिलंय." काय कळायचं, ते सांगितलं नाही. रिक्षा आली होती.

असो. घाई करून आई-बाबांना एकदम धक्का द्यायचा नाही. केळवण होऊ दे, पोटं भरलेली असू देत. त्याच दिवशी सांगणार. रविवार, ९ नोव्हेंबर.